सुरवाडेबाईंची हजेरी

“वायरीला हात लावायचा नाही! चिराग, ऐक, त्या जुन्या मशीनच्या वायरीला तुझं बोट जरी लागलं ना, तर तुझ्या मम्मीला फोन लावीन आणि घरचा डबा तू रोज वॉचमनला देतोस ते सांगीन!”

शनिवारची दुपार, पावणेतीनची वेळ. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं आमचं ऑफिस. आवाज सुरवाडेबाईंचा. बाईंची उंची चपलेसकट पाच फूट, पण त्या ओरडल्या की खालच्या गाळ्यात भाजून ठेवलेले खाकरे मधोमध तडकत आणि खाकरेवाला वर येऊन हात जोडून म्हणे, “मॅडम, आज जरा धीरे. एक्स्पोर्टचा माल आहे.” ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता खाकरेवालासुद्धा ती खरी मानतो.

त्या दिवशी बाई जुन्या सर्व्हरला पाठ लावून उभ्या होत्या. दोन्ही हात पसरलेले, एका हातात चष्मा, दुसऱ्यात अर्धं खाल्लेलं थालीपीठ. समोर चिराग, नवं मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर लग्नात जेवण संपल्यावर केटररचा असतो तसा भाव. चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो जुनं मशीन न्यायला येणार होता. आणि केबिनच्या दारात आमचे मालक करंदीकर साहेब, मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत.

“सुरवाडे मॅडम, चार वाजेपर्यंत एक तरी चूक सिद्ध करून दाखवा. नाहीतर जुनं मशीन भंगारात आणि सोमवारपासून तुमची यादी बंद. तुम्ही रिसेप्शनला बसा, आरामात.”

बाईंना आराम म्हटलेलं शिवीसारखं लागायचं. रिसेप्शन म्हटलेलं तर त्याहून.

आता ही यादी काय प्रकरण होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आम्ही इमारतींचे खांब, तुळया आणि सळया यांचे नकाशे काढतो. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत निम्म्या सोसायट्या आमच्या कागदावर उभ्या आहेत, असं मी पार्टीत सांगतो. निम्म्या नसतील, पाव असतील. हे सगळे नकाशे सर्व्हरवर. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर, आणि खोल तळाशी एक फाइल, जिचं नाव “नवीन”. बाई आमच्याकडे रेकॉर्ड सांभाळायला होत्या. त्यांनी काय केलं, तर या अख्ख्या पसाऱ्याची एक यादी केली. एकच साधी टेक्स्ट फाइल. फोल्डरचं नाव, त्याखाली थोडं आत सरकवून त्यातल्या फायली, आणि प्रत्येक फाइलपुढे तिची कुंडली: आकार किती, शेवटचा हात कधी लागला, मालक कोण, कोणाला लिहायची परवानगी, कोणाला नुसतं बघायची. आणि शेवटी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ. फाइलमधला मजकूर गिरणीत घालून दळला की ही माळ बाहेर पडते. आत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करा, अख्खी माळ वेगळी. बाई तिला अंगठा म्हणायच्या. “नाव कोणीही सांगतं,” त्या म्हणायच्या, “अंगठा दे.”

रात्रभर मशीनवर दळण चाले आणि रोज सकाळी सव्वानऊला हजेरी. म्हणजे यादी एका बाजूला, सर्व्हरवरचा खरा पसारा दुसऱ्या बाजूला, आणि यंत्र दोघांना जुळवून बघणार. निकाल तीनच शब्दांत. यादीत आहे पण जागेवर नाही, तर “नाही”. जागेवर आहे पण यादीत नाही, तर “जास्त”. आणि दोन्हीकडे आहे पण काहीतरी फिरलंय, तर “बदललं”. बाकी शंभरजणांनी हा निकाल गपचूप वाचला असता. बाई उभं राहून मोठ्यांदा वाचायच्या.

“जास्त! ‘जिना फायनल आता खरंच फायनल दोन’. कोणाचं बाळ हे?”

पेडणेकर मान खाली घालून उभा राहायचा. पेडणेकर आमचा ड्राफ्ट्समन, मूळचा मालवणकडचा, हात सोन्याचा, सवयी भंगाराच्या.

“माझा आसा, मॅडम.”

“आधीचा फायनल जिना कुठे गेला?”

“तो... तोय आसा.”

“मग लोकांनी चढायचं कुठल्या जिन्याने? एक ठेव, एक उचल. आत्ता!”

करंदीकर साहेबांनाही सूट नव्हती. त्यांनी एकदा कुठल्याशा भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो मुलुंडच्या एका इमारतीच्या फोल्डरमध्ये टाकले. सकाळी भर ऑफिसात बाईंनी वाचलं: “जास्त, एकशे चाळीस. पाया आणि तळघर या फोल्डरात. साहेब, पाळणा यात बसत नाही.”

यादीत आणखी एक सोय होती. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं, म्हणजे शिडीसारखं दिसणारं चिन्ह टाकलं की ती ओळ यंत्र वाचत नाही, सोडून देतं. ती फक्त माणसांसाठी. बाई तिथे शेरे लिहायच्या. मी एकदा चोरून वाचले होते. “या फोल्डरला साहेबांनी हात लावू नये. त्यांना सांगितलेलं आहे.” त्याच्या खाली: “पुन्हा सांगितलेलं आहे.” आणखी एका ठिकाणी: “ही फाइल पेडणेकरने रडत रडत केली आहे. जपून.”

आणि फोल्डर संपला की यादीत दोन टिंबं येतात. एका ओळीवर दोनच टिंबं. अर्थ एवढाच की इथलं संपलं, एक पायरी वर या. ही दोन टिंबं बाईंच्या तोंडात इतकी बसली होती की त्या ती माणसांवर वापरायच्या. मी साइटवरून येऊन सांगायला लागलो, “मॅडम, आज घाटकोपरला काय झालं, सोसायटीचे सेक्रेटरी भेटले, त्यांच्या मेव्हण्याचं भांडुपला दुकान, त्या दुकानात एक पोपट, तो पोपट काय बोलतो ठाऊक आहे...” की बाई हात वर करायच्या. “दळवी, दोन टिंबं.” मी पोपटातून दुकानात यायचो. “दोन टिंबं.” दुकानातून मेव्हण्यात. “दोन टिंबं!” तेव्हा कुठे मी घाटकोपरला पोचायचो. पोपट काय बोलतो हे आजतागायत ऑफिसात कोणाला कळलेलं नाही, आणि त्यांचं नुकसान आहे.

त्यांना कोणीतरी विचारलं होतं, सगळ्यांची हजेरी यादी घेते, यादीची कोण घेतं? बाईंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात, बडीशेपेच्या डबीखाली, घडी घातलेला कागद. त्यावर पेनाने लिहिलेली एकच लांब माळ. यादीचा स्वतःचा अंगठा. यादीत काही भर घातली की जुनी माळ खोडून नवी लिहायच्या. “हा कागद मशीनमध्ये नाही, ऑफिसात नाही, क्लाऊडमध्ये नाही,” त्या म्हणाल्या. “याला हात लावायचा तर आधी माझ्या पर्सला हात लावावा लागेल. बघा हिंमत असेल तर.” पर्सला हात लावायची हिंमत त्यांच्या मिस्टरांनीही तीस वर्षांत केली नव्हती, असं ते स्वतः सांगत.

पण बाई खऱ्या कशा होत्या हे मला कळलं ते मढच्या पिकनिकला. वर्सोव्याहून फेरीबोटीने पलीकडे, दिवसभर समुद्र, संध्याकाळी परत. आम्ही तेवीस माणसं. साहेबांनी हौसेने सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटलेल्या. बाईंनी आमचीही यादी छापून आणली होती. नाव, उंची, शर्टाचा रंग, चष्मा आहे-नाही, आणि अंगठ्याच्या जागी प्रत्येकाला एक प्रश्न, ज्याचं उत्तर त्यालाच ठाऊक. माझ्या नावापुढे लिहिलं होतं “ऐच्छिक”.

“मॅडम, हे काय?”

“ज्या फायली असल्या तर असल्या, नसल्या तर बोंब मारायची नाही, त्यांच्यापुढे असं लिहितात.”

संध्याकाळी बोटीत साहेबांनी पिवळ्या टोप्या मोजल्या. “तेवीस. चला, सोडा बोट!”

“थांबा!” बाई उठल्या. बोट डोलायला लागली. काहीजण म्हणतात लाटेने, मी सांगतो बाईंनी. एकेकासमोर जाऊन त्या कागदावरचा प्रश्न विचारायला लागल्या. कंटाळून लोकांच्या जांभया सुरू झाल्या. शेवटच्या बाकावर एकजण टोपी नाकापर्यंत ओढून बसलेला.

“पेडणेकर, तुझ्या टेबलाखाली काय ठेवलंयस?”

टोपी वर झाली. “टेबल? कौनसा टेबल?”

भलताच माणूस! पेडणेकरने दोन उकडलेल्या अंड्यांच्या बदल्यात त्याला टोपी दिली होती, आणि बोट दिसल्यावर गडी आमच्यात येऊन बसला. फुकट तिकीट मिळतंय तर कोण सोडतो! खरा पेडणेकर अर्ध्या तासाने सापडला. काठीवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत घोरत होता. उठवल्यावर म्हणाला, “गे माये, बोट गेली काय?” त्याच्या टेबलाखाली काय असायचं? बोंबीलच. तो घरी गेल्यासारखा झोपला होता बिचारा.

साहेब परत परत म्हणत राहिले, “पण माणसं मोजून बरोबर होती हो.”

बाई म्हणाल्या, “मोजून बरोबर होती, साहेब. माणसं बरोबर नव्हती.”

दोन टिंबं. शनिवारवर येतो.

नव्या मशीनवर सगळ्या फायली उचलून न्यायचं काम त्या आठवड्यात चिरागच्या प्रोग्रॅमने केलं. शुक्रवारी मध्यरात्रीच्या आधीच काम संपलं आणि शनिवारी सकाळी चिराग पेढे घेऊन आला. “सर, हंड्रेड पर्सेंट! फायलींची संख्या सेम. साइज सेम. तारीख सेम. देखो.” साहेबांनी पाहिलं, पेढा खाल्ला, टेम्पोला फोन केला.

बाईंनी पेढा घेतला, कागदात गुंडाळला, बाजूला ठेवला आणि नव्या मशीनवर हजेरी लावली. सगळ्या फायली पुन्हा दळायच्या, प्रत्येकीचा अंगठा काढायचा, यादीशी जुळवायचा. दीड लाख फायली. दहा वाजता सुरू झालं. अकरा, बारा, एक. साहेब तीनदा येऊन “झालं का” विचारून गेले. चिराग मोबाइलवर क्रिकेट बघत होता. पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत होती. यादीचं तेच एक वैशिष्ट्य. सगळं ठीक असलं की ती काही बोलत नाही.

पावणेतीनला ती बोलली.

“बदललं. बदललं. बदललं...” बाई वाचत गेल्या. आकडा दोनशे बारावर थांबला. सगळ्या फायली घाटकोपरच्या एकाच सोसायटीच्या. आणि नेमका त्याच वेळी चिराग वायर काढायला वाकला होता, म्हणून ती आरोळी.

“आंटी,” चिराग म्हणाला, “साइज सेम है, डेट सेम है. तुमची लिस्टच जुनी झाली असेल. लिस्ट करप्ट होते कधी कधी.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बोलायच्या आधी थांबल्या. सगळी नोकरी त्या एका टेक्स्ट फाइलवर उभी होती आणि कोणीतरी तिलाच खोटं म्हणालं होतं.

मग त्यांनी थालीपीठ खाली ठेवलं. पर्स उघडली. बडीशेपेची डबी बाजूला केली. कागद उलगडला.

“दळवी, तू वाच. मी पडद्यावर बघते. एकेक अक्षर. घाई नको, मीठमसाला नको.”

आयुष्यात मी एवढं कंटाळवाणं काही वाचलेलं नाही, आणि एवढ्या घामाघूम अवस्थेतही नाही. चौसष्ट अक्षरं. चौसष्टही जुळली. यादीच्या केसालाही धक्का नव्हता.

“आता तुझ्या मशीनवरची यातली एक फाइल उघड,” बाई चिरागला म्हणाल्या.

उघडेना. “सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल,” तो म्हणाला. दुसरी उघडली, पांढरं. तिसरी, पांढरं. बाईंनी चौथी साध्या एडिटरमध्ये उघडून दाखवली, जिथे फाइलचं पोट दिसतं. पोटात शून्यं. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. मग जुन्या मशीनवर तीच फाइल उघडली. खांब, सळया, मापं, कोपऱ्यात पेडणेकरची सही.

“डबा तोच,” बाई म्हणाल्या, “वजन तेच, झाकणावर नाव तेच. आत भाजी नाही.”

साहेब खुर्चीत बसले. ती खुर्ची नव्हती, प्रिंटर होता, पण ते बसले. त्या सोसायटीची जुनी इमारत पाडून झाली होती, लोक भाड्याने राहायला गेले होते, पायाचा खड्डा खणून तयार होता, आणि पुढच्या आठवड्यात हेच नकाशे कॉन्ट्रॅक्टरला जायचे होते. जुनं मशीन टेम्पोत चढलं असतं तर चाळीस घरं नुसत्या शून्यांवर उभी करावी लागली असती.

चारला खाली हॉर्न वाजला. टेम्पोवाला रिकाम्या हाताने जाईना, म्हणून साहेबांनी त्याला जुना फॅक्स देऊन वाटेला लावलं. यादीबद्दल ते कोणाकडे न बघता एवढंच म्हणाले, “सोमवारी हजेरी किती वाजता?”

“सव्वानऊ,” बाई म्हणाल्या. “तुम्हीसुद्धा.” आणि कागदात गुंडाळलेला पेढा काढून तोंडात टाकला.

पण साहेब सोडणारे नव्हते. नोंदी तपासायला लावल्या. निघालं असं की शुक्रवारी दुपारी बारा दहाला नवं मशीन अचानक बंद पडलं आणि बारा एकोणीसला पुन्हा सुरू झालं. त्या क्षणी ज्या फायली जात होत्या त्यांची नावं, आकार, तारखा लिहून झाल्या होत्या, आतला मजकूर उतरायचा होता. मशीन परत सुरू झाल्यावर प्रोग्रॅमने पाहिलं, नाव आहे, आकार आहे, म्हणजे माल पोचला. आणि पुढे गेला. टोप्या मोजल्या आणि बोट सोडली.

“लाइट तर गेली नव्हती,” साहेब गरजले. “प्लग कोणी काढला? ज्याने काढला असेल त्याला आजच घरी पाठवतो!”

इथे मला जरा पाणी प्यायला हवं.

शुक्रवारी ऑफिसात सत्यनारायण होता. दरवर्षी असतो. बाई त्या दिवशी अकोल्याला चुलतबहिणीच्या लग्नाला गेलेल्या. आरतीची वेळ झाली, आणि मखराला लावलेली दिव्यांची माळ पेटेना, कारण प्लगला जागाच नव्हती. सगळे प्लग कसल्या ना कसल्या मशीनने भरलेले. आता देवासमोर अंधार ठेवायचा का? कोणीतरी खिडकीजवळचा एक प्लग काढला, माळ लावली, आरती म्हटली, दणक्यात टाळ्या वाजवल्या, आणि प्रसाद घेता घेता प्लग होता तसा परत लावला. नऊ मिनिटं. तो कोणीतरी म्हणजे, आता तुम्ही ओळखलंच असेल.

मी शनिवारी भिंतीवरचं कॅलेंडर असं वाचत होतो, जणू पुढच्या महिन्यात परीक्षा होती. साहेबांनी बाईंना विचारलं, “मॅडम, तुम्ही तर सगळं शोधून काढता. हेही काढा.”

बाईंनी सगळ्या ऑफिसवरून नजर फिरवली. माझ्यावर ती थांबली का? मला वाटलं थांबली. मग वाटलं, भास. त्या म्हणाल्या, “फायली सापडल्या ना, साहेब? मग दोन टिंबं.”

आणि साहेब वर आले, म्हणजे केबिनमध्ये गेले. एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी बाई यादीत काहीतरी टंकत बसल्या होत्या आणि पर्समधल्या कागदावर नवी माळ लिहीत होत्या. मला वाटलं, रोजचंच काम.

बाई त्यानंतर चार वर्षं राहिल्या आणि मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषण करायला उठल्या, म्हणाल्या, “सगळे आहेत. कोणी जास्त नाही. बसते.” टाळ्या थांबेनात. पेडणेकर रडला, त्याने बाईंना सुके बोंबील भेट दिले, पिवळ्या टोपीत घालून. हजेरी आता पेडणेकर घेतो, हो, तोच, आणि बाईंपेक्षा मोठ्यांदा ओरडतो, मालवणीत.

माझ्या पोटात मात्र तो प्लग पाच वर्षं रुतून बसला होता. शेवटी गेल्या महिन्यात एका रविवारी घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो. मिस्टरांनी दार उघडलं. बाई स्वयंपाकघरात स्टुलावर उभ्या, वरच्या कप्प्यातले डबे एकेक उघडून आत डोकावत होत्या. कपाटाच्या दारावर आतून कागद चिकटवलेला. डबा, आत काय, कधी भरलं.

“डब्यावर नाव लिहिलेलं असताना उघडून कशाला बघता?” मी विचारलं.

“ह्यांनी पोह्यांच्या डब्यात खिळे ठेवलेत,” बाई म्हणाल्या. “वजन जवळजवळ सारखं. चहा घेशील?”

चहा आला. मी घसा साफ केला. अकोल्याच्या उन्हापासून सुरुवात केली, मग सत्यनारायण, मग मखर कोणी आणलं, मग मखरवाल्याचा भाऊ. बाईंनी बशी खाली ठेवली. हात वर केला.

“दळवी, दोन टिंबं.”

मी सगळ्यात वर आलो. “मॅडम, तो प्लग मी काढला होता.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे? कोणी सांगितलं?”

“तुम्ही लोकांनी आरतीचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता ना. बारा चौदाचा. खिडकीपाशी तू, हातात मशीनची वायर.” त्या पुन्हा स्टुलावर चढल्या आणि पुढचा डबा उघडला. “यादीत आहे. घाटकोपरच्या फोल्डरवर शेरा लिहून ठेवलाय.”

“काय लिहिलंय?”

“माळ चालू. दळवी हसतोय.”